रोज साडेसहाला 'नो ब्लॉकर्स' म्हणतो आणि ते खोटं असतं

सड्यावरचा | २१ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी देवगडजवळ एका वाडीत राहतो. २०२० साली शिमग्याला म्हणून पुण्याहून घरी आलो, मागोमाग टाळेबंदी लागली आणि राहिलो तो राहिलोच. नऊ वर्षांचा अनुभव, जावा, बॅकएंड. सहा जणांची टीम, बाकीचे पाच पुण्यात. ग्राहक न्यू जर्सीत, त्यामुळे स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) आपल्या संध्याकाळी साडेसहाला. पंधरा मिनिटांचं म्हणतात, पण आई तुळशीपाशी दिवा लावायला येते तेव्हाही ते चालूच असतं. तिला वाटतं मी रोज कुणाला तरी हिशेब देतो. तिचं फारसं चुकत नाही.

काम असं: विम्याच्या दाव्यांची एक जुनी प्रणाली नव्या ठिकाणी हलवायची. त्यातला नियमांचा भाग माझ्याकडे. तो सगळा जुन्या डेटाबेसच्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसच्या आतच साठवलेल्या कोडमध्ये) पुरलेला आहे आणि ज्यांनी लिहिला ते कधीच सोडून गेलेत. त्याला मी ८ पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) दिले होते. तीन स्प्रिंट (ठरलेल्या मुदतीचे कामाचे टप्पे) झाले, तिकीट (बोर्डावरची त्या कामाची नोंद) पुढे ढकललं जातंय. आणि मी रोज म्हणतो, "काल नियमांवर काम केलं, आज नियमांवर काम करणार, नो ब्लॉकर्स."

खरं तर अडलोय. पण मार्चमध्ये एकदा स्टँडअपला "दोन दिवस अडलोय" असं सरळ सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात मॅनेजरच्या तक्त्यात माणसागणिक पॉइंट आले, माझं नाव तळाला, आणि अप्रायझलला तोच तक्ता समोर ठेवला. तेव्हापासून सगळ्यांनीच काय ते ओळखलं. पूर्वीचं ३ चं काम आता ५ चं झालंय. कोणी अडत नाही. सगळं हिरवं.

यातच दोन गोष्टी आल्या. एक, मॅनेजर म्हणतो, "तू स्क्रम मास्टर हो, तुला माणसं सांभाळता येतात." म्हणजे टीमच्या बैठका आणि अडथळे बघणारा. दोन, ऑक्टोबरपासून आठवड्यातून तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात यायचं असं फर्मान आलंय. इथे आई एकटी आहे, चाळीस कलमं आहेत. आणि कोड उघडायचाही कंटाळा येतो, जो पूर्वी कधीच येत नव्हता.

स्क्रम मास्टर होऊ का? की नोकरी बदलू? की हा नुसता पावसाळ्याचा कंटाळा आहे?

---

पुणेरी_बग | २२ जुलै, सकाळी ८.०५

शीर्षक वाचून वाटलं माझ्याच टीममधलं कोणीतरी लिहितंय. मग देवगड वाचलं आणि हायसं वाटलं.

एकच प्रश्न. तुमच्या बोर्डावर 'चालू' या रकान्यात आत्ता किती तिकिटं आहेत? बघून सांगा, अंदाजे नको.

---

रोखठोक | २२ जुलै, सकाळी ९.३०

पुण्याचा पगार आणि देवगडचा खर्च. अहो, हीच बढती आहे. उत्साह वगैरे शनिवार-रविवारी करायच्या गोष्टी. पगार वेळेवर येतोय ना?

---

रातांबा | २२ जुलै, दुपारी २.१५

मी मॅनेजर आहे, म्हणजे या गोष्टीतली खाष्ट सासू. मूळची चिपळूणची, आता पुण्यात, दोन टीम माझ्याकडे आहेत.

आधी स्टँडअपचं. ही बैठक मॅनेजरला अहवाल द्यायला नाहीच. स्क्रम म्हणजे ही टप्प्याटप्प्याने काम करायची पद्धत; तिच्या मूळ मार्गदर्शिकेत ही बैठक काम करणाऱ्यांची, त्यांनी आपसात आजचा दिवस ठरवायची. "काल काय, आज काय, अडथळा काय" हे तीन प्रश्नही नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले, कारण त्यांची हजेरी झाली होती. स्टोरी पॉइंट हा शब्द तर त्या मार्गदर्शिकेत शोधून सापडणार नाही. स्प्रिंटमध्ये घेतलेल्या कामासाठी 'कमिटमेंट' शब्द होता, तो २०११ मध्ये बदलून 'अंदाज' अशा अर्थाचा केला. आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत २०११ अजून यायचंय.

आता सासूची बाजू. महिन्याच्या शेवटी वरचे लोक विचारतात, "टीम कशी चाललीय?" त्यांना वाक्य नको असतं, आकडा हवा असतो. माझ्याकडे आकडा एकच, पॉइंट. मग तोच वर पाठवला जातो. चार वर्षांपूर्वी मीही माणसागणिक तक्ता लावला होता. कबूल करते. काही महिन्यांत पॉइंट भराभर वाढले आणि ग्राहकाच्या हाती पडलेलं काम होतं तेवढंच राहिलं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ च्या सुमारास चलनविषयक धोरणाबद्दल जे म्हटलं त्याचा आपल्या भाषेत अर्थ एवढाच: मोजपट्टीवरच बक्षीस लावलं की पट्टी ताणली जाते. मला वाचून कळलं नाही, करून कळलं.

सगळ्यात वाईट काय झालं तर एकमेकांना मदत करणं थांबलं. दुसऱ्याच्या तिकिटावर दोन तास घालवले तर ते माझ्या नावावर कुठे दिसणार? तुमच्या टीममध्ये तुमच्या त्या नियमांच्या कामात कोणी डोकावलं का गेल्या सहा आठवड्यांत? माझा अंदाज, नाही.

@रोखठोक, पगाराचं म्हणणं अर्धं बरोबर. पगार कमी असला तर माणूस नक्की चिडतो. पण पुरेसा असला म्हणून कामात जीव येतोच असं नाही. १९७१ मध्ये एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. काहींना कोडं सुटलं की पैसे, काहींना नुसतंच. पुढच्या खेपेला पैसे बंद केल्यावर, ज्यांना ते मिळाले होते त्यांनी मोकळ्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावला. पॉइंट म्हणजे आमचे सुटे पैसे. कोडं आवडणाऱ्या माणसाला ते मोजून द्यायला लागलं की काय होतं, ते धागाकर्त्याने वर लिहिलंच आहे.

मला खरं विचारायचंय ते हे: कामात शेवटचं मन कधी रमलं होतं, आणि तेव्हा काय वेगळं होतं?

---

नुसताच_वाचक | २२ जुलै, दुपारी ४.५०

मी रत्नागिरीत शेवटच्या वर्षाला आहे. सीएसएम (स्क्रम मास्टरचं प्रमाणपत्र) करून ठेवू का? क्लासवाले म्हणतात लगेच नोकरी लागते.

---

पुणेरी_बग | २२ जुलै, दुपारी ४.५८

नको. दोन दिवसांचा वर्ग असतो. आधी दोन वर्षं कोड लिही किंवा तपास, मग कोणाला मास्तर व्हायचं ते बघ.

---

कातळकडा | २२ जुलै, रात्री ९.२०

माझा सॉफ्टवेअरशी संबंध मुलीच्या लॅपटॉपपुरता. पण '८ पॉइंट दिले होते' हे वाचून राहवलं नाही. आमची सगळी नोकरी स्थापत्यात गेली, आणि नव्वदच्या दशकात कोकण रेल्वेच्या मार्गावर मीही चिखल तुडवलाय.

रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर. बोगदे ९१. सर्वांत लांब बोगदा रत्नागिरीजवळ करबुड्याचा, साडेसहा किलोमीटर. कोणालाही विचारा सर्वांत अवघड कोणता, तो करबुडे म्हणेल. पण करबुड्याला कातळ होता. कातळ कठीण असतो खरा, तरी प्रामाणिक. आज इतकं फोडलं तर उद्या साधारण तितकंच फुटेल, हिशेब मांडता येतो.

सगळ्यांना रडवलं ते गोव्यातल्या पेडण्याने. जेमतेम दीड किलोमीटर. पण आत मऊ माती आणि पाणी. खणलं की वरून खाली. पुन्हा खणा, पुन्हा खाली. वर्षं गेली. उत्तरेकडून गाड्या येऊन थांबत होत्या, दक्षिणेकडून थांबत होत्या आणि मध्ये हा दीड किलोमीटर. तो उरकला तेव्हा २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग सुरू झाला. ठरलेली मुदत केव्हाच उलटून गेली होती. आणि एवढं करून २०२४ च्या जुलैत त्याच बोगद्यात पाणी भरून गाड्या बंद पडल्या.

तर तुम्हाला कामाची लांबी विचारली आणि तुम्ही ८ सांगितलंत. माती कोणती ते कोणी विचारलं का? आमच्याकडे मऊ मातीत अडकलेल्या इंजिनिअराला "तू इतर बोगद्यांच्या मानाने मागे" असं म्हणणारा एक साहेब होता. त्याला एकदा आत नेऊन उभं केलं. पुन्हा बोलला नाही.

---

पुणेरी_बग | २२ जुलै, रात्री ९.४१

काका, धाग्यातला आत्तापर्यंतचा सर्वोत्तम प्रतिसाद. आमच्याकडे यालाच 'स्पाइक' म्हणतात: आधी दोन-तीन दिवस नुसती माती बघून यायची, वेळ बांधून, मगच अंदाज सांगायचा. करत मात्र कोणी नाही.

---

गाबीत_गजाल | २३ जुलै, सकाळी ७.१०

हो धागो वाचून माका आमची रापण आठवली. सड्यावरच्या, तुझा दुखणा माका कळता. बाकी प्रमाण भाषेत लिवतंय, नायतर पुण्याचे लोक अर्थ विचारत बसतले.

घर मालवणात, नोकरी बंगळुरात, सध्या सुट्टीवर. मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, त्यामुळे सगळे काका-मामा पडवीत जाळी शिवत बसलेत आणि मी त्यांच्यात लॅपटॉप घेऊन.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: रापणीत होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारून परत किनाऱ्याला लागते. जाळ्याची दोन्ही टोकं वाळूवर. मग दोन रांगा करून सगळ्यांनी ओढायचं. एक बाजू जोरात ओढत पुढे गेली की जाळं तिरपं होतं आणि मासळी दुसऱ्या बाजूने निसटते. म्हणून ओढताना सारखी हाळी चालू असते, थांब, आता ओढ, तुमची बाजू सैल सोडा. ती हाळी म्हणजे खरं स्टँडअप. तिथे कोणी "काल मी चाळीस हात दोर ओढला" असं सांगत नाही. ऐकायला वेळ कोणाला आहे?

आणि वाटे पडतात ते मासळीचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. कोणी किती दोर ओढला याचे वाटे नाहीत. तुमचा मॅनेजर दोर मोजतोय. उद्या सगळे दोर लांब करतील, बांगडा मिळो न मिळो.

---

पुणेरी_बग | २३ जुलै, सकाळी १०.२५

उपमा झकास, पण दोन शंका. रापणीत सगळे एकच काम करतात, आमच्याकडे एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. आणि जाळ्याच्या मालकाला वाटा मिळतो तो ओढणाऱ्यापेक्षा जास्त, हे विसरू नका. मालक वाळूवर उभा आहे, लोकशाही दोरापुरतीच.

---

गाबीत_गजाल | २३ जुलै, सकाळी १०.५०

दुसरी शंका खरी. ती भांडणं आमच्याकडेही आहेत, चावडीवर येऊन ऐका कधी.

पहिली मान्य नाही. जाळं फाटलं की शिवणारा वेगळा, पाण्याचा रंग बघून मासळी कुठे ते सांगणारा म्हातारा वेगळा. त्या म्हाताऱ्याने दोराला हात लावलेला मी पाहिला नाही. पॉइंट शून्य. वाटा पुरा.

---

सड्यावरचा | २३ जुलै, रात्री ११.५५

दोन दिवस लाईटचा खेळ चालू होता, आत्ता नीट बसतोय.

@पुणेरी_बग, 'चालू' रकान्यात १९ तिकिटं. माणसं सहा. लिहितानाच लाज वाटली. आठवड्याला सरासरी पाच संपतात.

@रातांबा, नाही, कोणी डोकावलं नाही. मीही कोणाच्या कामात डोकावलो नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. शेवटचं मन रमलं ते दोन वर्षांपूर्वी, आधीच्या मॅनेजरच्या वेळी. ग्राहकाकडची दावे तपासणारी एक बाई थेट आमच्याशी बोलायची. तिचा एक अहवाल उघडायला बराच वेळ लागायचा, मी तो काही सेकंदांवर आणला. तिने पुढच्या कॉलला सगळ्यांसमोर सांगितलं की आता चहा थंड व्हायच्या आत काम होतं. एवढंच. आता ती बाई कुठे आहे, आमचं काम कोण वापरतं, ठाऊक नाही. मधे तीन थर आलेत.

आणि बागेवरून एक सुचलं ते सांगतो. हापूस मुळात एका वर्षाआड धरतो. एक वर्ष भरभरून, पुढचं वर्ष विश्रांती. त्याला दरवर्षी फळायला लावायचं तर पावसाळ्यात बुंध्याशी आळ्यात कल्टार घालतात. त्याने झाडाची पालवी रोखली जाते आणि मोहोर येतो. दापोलीच्या विद्यापीठाने त्याचं प्रमाण ठरवून दिलंय, झाडाचा घेर बघून, आणि सोबत खतही वाढवायचं असतं. प्रमाणात घातलं, झाडाला खाऊ घातलं, तर चालतं. आम्हीही घालतो.

आमच्या शेजारची बाग तीन वर्षांच्या कराराने दिली होती. करारवाल्याला तीन वर्षांत पैसे काढायचे, चौथ्या वर्षाशी त्याचा संबंध नाही. त्याने घेर न बघता ओतलं. तीन वर्षं पेट्याच पेट्या. आता त्या कलमांचे शेंडे आखडलेत, पालवी धड फुटत नाही, मालक रोज सकाळी बघत उभा राहतो.

आमच्या प्रकल्पावर पाच वर्षांत चौथा मॅनेजर आहे.

---

रातांबा | २४ जुलै, सकाळी ९.०५

शेवटची ओळ माझ्या वरिष्ठांना नावाशिवाय पाठवली तर चालेल का?

अजाईलचा (स्क्रम ज्यात मोडतं त्या विचाराचा) जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी लिहिला. त्यामागच्या १२ तत्त्वांत एक असं आहे की कामाचा वेग कितीही काळ टिकवता येईल असाच असावा. आणखी एक असं की उत्साही माणसांभोवती काम उभं करा, हवं ते द्या आणि विश्वास ठेवा. आम्ही त्या १२ मधलं "लवकर आणि वारंवार द्या" एवढंच उचललं. करारवाल्यासारखंच.

---

पुणेरी_बग | २४ जुलै, सकाळी ९.४०

१९ तिकिटं, आठवड्याला ५ संपतात. म्हणजे आज हातात घेतलेलं काम संपायला सरासरी जवळजवळ चार आठवडे. यात कोणाचा आळस नाही, हा भागाकार आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम, रांगेत किती आहेत भागिले किती वेगाने बाहेर पडतात. बँकेच्या रांगेला लागू, एसटीच्या खिडकीला लागू, तुमच्या बोर्डालाही लागू.

तुमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा असेल तर कामं पुढे ढकलली जाणारच, कितीही जीव काढा. उघडी तिकिटं ८ वर आणा, बाकीची मागे ठेवा. तोच वेग राहिला तरी वेळ दीड आठवड्यावर येतो. आणि नवीन तिकीट घ्यायला मनाई असली की मोकळा माणूस आपोआप अडलेल्याकडे वळतो, त्याला उपदेश लागत नाही.

यासाठी मॅनेजरची परवानगी लागत नाही हे यातलं सगळ्यात गोड.

---

दहाची_पेटी | २४ जुलै, सकाळी ११.१५

विषयांतराबद्दल माफी. @सड्यावरचा, पुढच्या मोसमात थेट पेटी मिळेल का? यंदा मार्केटमधून देवगड म्हणून घेतला तो भलताच निघाला.

---

व्यवस्थापन | २४ जुलै, सकाळी ११.३०

आंब्याची खरेदी-विक्री व्यक्तिगत निरोपातून करावी. कलमांची उपमा चालू ठेवायला हरकत नाही.

---

चिंचगूळ | २४ जुलै, रात्री १०.३०

स्क्रम मास्टर व्हायच्या प्रश्नाला कोणी हातच घातला नाही, म्हणून मी घालते. गुहागरची. सात वर्षं टेस्टिंग, मग दोन वर्षं स्क्रम मास्टर, आता पुन्हा टेस्टिंगमध्ये, ऑटोमेशन. स्वखुशीने परत आले नाही, जागाच गेली.

मी ते पद घेतलं तेव्हा कारण तुमचंच होतं. कामाचा वीट आला होता आणि कोणीतरी म्हटलं, तुला माणसं सांभाळता येतात. (हे वाक्य बायकांना जास्त वेळा ऐकवतात, ते जाऊ दे.) पहिले सहा महिने छान गेले. अडथळे दूर करणं मला खरंच आवडतं: चाचणीची यंत्रणा मिळत नाही, परवानगी अडकलीय, दोन टीमचं पटत नाही. पण हळूहळू माझं काम झालं बैठकांची निमंत्रणं पाठवणं आणि तक्त्यात रंग भरणं. ज्या मॅनेजरला पॉइंट हवे असतात त्याला स्क्रम मास्टरही पॉइंट गोळा करायलाच हवा असतो. तुमचा मॅनेजर कोणता आहे ते तुम्हीच वर लिहिलंय.

बाजाराचं चित्रही बघा. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेने जानेवारी २०२३ मध्ये अजाईलच्या नावाने असलेल्या ११०० हून जास्त जागा एका झटक्यात बंद केल्या. ते काम नको होतं असं नाही, ते इंजिनिअर आणि प्रॉडक्टवाल्यांनीच करावं असं ठरलं. बातमी वाचली तेव्हा मी गुहागरच्या समुद्रावर शेंगदाणे खात होते आणि मला वाटलं, आपलं काय त्याचं. दीड वर्षाने कळलं.

त्या दोन वर्षांत माझं टेक्निकल गंजलं. परत यायला रात्री जागून शिकावं लागलं. तुमची नऊ वर्षं जावाची आहेत. ज्या नियमांच्या भागात अडलाय तो समजणारा माणूस अख्ख्या कंपनीत एकही नाही, हे तुम्हीच म्हणता. मग तो समजून घेऊन लिहून काढणं हीच तुमची पुढची पायरी का असू नये? माणसं न सांभाळता वर जायची वाट बऱ्याच कंपन्यांत असते, स्टाफ इंजिनिअर, आर्किटेक्ट. गावाकडून काम करणाऱ्याला तर लिहिलेलं कामच उपयोगी पडतं. पुण्यातला माणूस कॉफीच्या यंत्रापाशी दिसतो. आपण दिसतो ते कागदावर.

पद घ्यायचंच असेल तर मॅनेजरला आधी एवढंच विचारा: मी स्क्रम मास्टर झालो तर माणसागणिक तक्ता बंद करू शकेन का? उत्तरातच सगळं कळेल.

---

रोखठोक | २४ जुलै, रात्री ११.०२

हे मात्र पटलं. आणि तीन दिवस पुण्याला यायचं फर्मान लेखी आहे का तोंडी, ते आधी बघा. तोंडी असेल तर गणपतीपर्यंत कोणीच काही हलवत नाही.

---

कातळकडा | २५ जुलै, सकाळी ६.४५

साहेबाला आत नेऊन उभं करा. मी आपलं सुचवतो.

---

सड्यावरचा | १४ सप्टेंबर, रात्री १०.१०

गणपती झाले, चाकरमानी परतले, वाडी पुन्हा रिकामी. आता सांगायला थोडं आहे.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी स्टँडअपला म्हटलं, "मी सहा आठवडे अडलोय आणि रोज खोटं बोलत होतो." एवढी शांतता की पावसाचा आवाज पुण्यापर्यंत गेला असावा. मग आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, "मी पण." तिसरा म्हणाला, त्याचं तिकीट संपलंय पण पुढच्या स्प्रिंटला पॉइंट हवेत म्हणून तो ते उघडं ठेवतोय. मॅनेजर त्या दिवशी रजेवर होता, हे सांगायला हवं. मी तेवढा शूर नाही.

काकांचं ऐकलं. मॅनेजर परतल्यावर त्याला दोन तास बसवून स्क्रीनवर ती प्रोसिजर ओळीगणिक दाखवली. साडेचार हजार ओळी, एकाच नियमाच्या तीन प्रती, तिन्ही वेगळ्या. दीड तासाने तो म्हणाला, "हे ८ कोणी दिलं?" मी म्हटलं, मी. त्यावर तो हसला. हे अनपेक्षित होतं.

उघडी तिकिटं ८ वर आणायची ठरली. एकदाही ८ झाली नाहीत, ११ च्या खाली जात नाहीत, कारण न्यू जर्सीहून दर गुरुवारी काहीतरी तातडीचं येतं. तरी फरक आहे. ती नवी मुलगी आणि मी रोज सकाळी तासभर नियम उलगडत बसतो, ती प्रश्न विचारते आणि मी लिहून काढतो. बावीस पानं झाली. परवा ग्राहकाकडच्या आर्किटेक्टने ती वाचून तीन चुका काढल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा तिथल्या कोणीतरी माझं काही वाचलं.

स्क्रम मास्टरला नाही म्हटलं. @चिंचगूळ, तुमचा प्रश्न विचारला होता. उत्तर आलं, "तक्ता वरून मागतात, माझ्या हातात नाही." तक्ता अजून आहे, माझं नाव अजून तळाला आहे. येत्या अप्रायझलला काय होईल ते होईल.

पुण्याचं तीन दिवसांचं आता महिन्यातून एक आठवडा असं झालंय, डिसेंबरपर्यंत. @रोखठोक, तोंडीच आहे. पहिला आठवडा करून आलो, फोंडा घाटातून एसटीने जाऊन-येऊन पाठ धरली. पण टीमबरोबर जेवायला गेलो आणि पोरं किती हसतात ते पाच वर्षांनी पाहिलं. कॉलवर सगळे म्यूट असतात. दुसरी नोकरी शोधणं बंद केलेलं नाही, सीव्हीत ती बावीस पानं घातलीत.

स्टँडअप परवा सोळा मिनिटांत संपलं. आई विचारत होती, आज कॉल नव्हता का?

---

गाबीत_गजाल | १४ सप्टेंबर, रात्री १०.३२

बरा वाटला वाचून. आणि खोटा तिकीट उघडा ठेवणारो तो तिसरो, तेका आमच्या रापणीत पाठव. दोन दिवसांत सुधारतलो.

---

कातळकडा | १५ सप्टेंबर, सकाळी ६.५०

साडेचार हजार ओळी म्हणजे किती मोठं ते मला कळत नाही. पण तीन प्रती आणि तिन्ही वेगळ्या, म्हणजे पाणी आहे. वरून लिंपत राहू नका, आधी निचरा काढा.

---

पुणेरी_बग | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.२५

आज किती उघडी?

---

सड्यावरचा | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ७.०२

१२. आणि लाईट गेलीय, मोबाईलवरून स्टँडअप केलं.